बातमीतून गळालेला उंदीर

एकच मेसेज मला चौघींनी पाठवला. "एंडोमेट्रिओसिसवर नॅनोकणांचं इंजेक्शन आलं! कण रोगट जागा शोधून तिथल्या तिथे जाळतात. दुर्बिणीचं ऑपरेशन नको, हॉर्मोनच्या गोळ्या नकोत. दुष्परिणाम शून्य, आजार मुळापासून बरा." निव्वळ थाप असती तर डिलीट करून मोकळी झाले असते. पण यामागे खरं संशोधन आहे, म्हणून लिहायला बसले. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजण्याचा आजार.

"इंजेक्शन आलं." आलं ते उंदरांसाठी. 2020 साली अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या गटाने माकडाच्या ऊती उंदरांच्या अंगात रुजवल्या आणि प्रकाश शोषणारा रंग भरलेले पॉलिमरचे सूक्ष्म कण टोचले. निअर-इन्फ्रारेड प्रकाश टाकल्यावर त्या जागा चमकल्या, तापून 53 अंशांपर्यंत गेल्या आणि नष्ट झाल्या. निदान आणि उपचार एकाच कणात. कल्पना देखणी आहे, यात वाद नाही. फक्त प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदराच्या मादीला पाळीच येत नाही, म्हणून हा आजारही आपणहून होत नाही. माकडाची ऊती उसनी आणावी लागली ती उगाच नाही.

"कण रोगट जागा शोधतात." शोधत नाहीत, झिरपतात. रोगट जागेत नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून कण बाहेर पडून साचतात. 2022 मध्ये याच विद्यापीठातल्या गटाने चुंबकीय कणांवर अशा वाहिन्यांवरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ग्राहक रेणूला, चिकटणारा तुकडाही बसवला. तरी बरेचसे कण यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. कर्करोगाच्या गाठींवरच्या प्रयोगांचा 2016 साली आढावा घेतला गेला, तेव्हा गाठीपर्यंत पोहोचलेला मध्यक वाटा टोचलेल्या मात्रेच्या 0.7 टक्के निघाला. मला मात्र वेगळीच शंका सतावते. नव्या रक्तवाहिन्या दर महिन्याला गर्भाशयाच्या निरोगी अस्तरातही फुटतात, बीजकोशातही. मग कणाने आपलं-परकं ओळखायचं कशावरून?

"दुर्बीण नको." हा प्रकाश शरीरात फार खोल शिरत नाही. गर्भाशयामागे, आतड्याला चिकटलेल्या गाठीपर्यंत तो न्यायचा तर दुर्बिणीतूनच न्यावा लागेल. चुंबकीय कण ही अडचण टाळतात, कारण ते बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने तापतात. पण शेजारी मूत्रवाहिनी असताना पन्नास अंशांची उष्णता नेमकी गाठीपुरती राखणं सोपं नाही.

"दुष्परिणाम शून्य." लोहाच्या नॅनोकणांचं फेरुमॉक्सिटॉल हे औषध अमेरिकेत 2009 पासून रक्तक्षयासाठी वापरात आहे. 2015 मध्ये जीवघेण्या अॅलर्जीमुळे त्यावर सर्वांत कडक इशारा छापावा लागला.

"मुळापासून बरा" यावर काय बोलणार! शस्त्रक्रियेने काढलेला आजारही बऱ्याच जणींत काही वर्षांत परततो. आहे ती गाठ जाळली म्हणून नवी रुजायची थांबत नाही. चौघींपैकी एकीने विचारलं, डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी बंद करू का? मेसेज वाचून तर मुळीच नको.

निदानाचं म्हणाल तर सरसकट दुर्बीण आताही लागत नाही. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी सोनोग्राफी आणि एमआरआयला आधी स्थान दिलं आहे. बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात जुनं रक्त साठून झालेली गाठ, त्यात दिसते. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक ठिपके सहसा निसटतात. नॅनोकणांची खरी गरज मला तिथे वाटते. ऑपरेशन चालू असताना असा ठिपका चमकून उठला, तर सर्जनच्या नजरेतून सुटणं कठीण. म्हणजे मेसेज ज्या दुर्बिणीला निरोप देतोय, हे कण आधी तिच्याच मदतीला येण्याची शक्यता जास्त.