जोसेफ केचा एकच अल्बम, आणि तोच बरोबर

स्कॉटलंडच्या पोस्ट-पंकचा, म्हणजे पंक रॉकनंतर आलेल्या गिटार संगीताचा, विषय निघाला की गप्पा ऑरेंज ज्यूस या बँडपासून सुरू होतात आणि फ्रान्झ फर्डिनांड या बँडवर येऊन थांबतात. मधे कुणीतरी जोसेफ के या बँडचं नाव घेतं आणि लगेच पुढे सरकतं. मला हे मनापासून खटकतं. म्हणून आज फक्त त्यांच्याबद्दल लिहितोय, आणि जरा लांबलचक लिहितोय.

एडिनबरातली चार पोरं. पॉल हेग गाणार आणि गिटार वाजवणार, दुसऱ्या गिटारवर माल्कम रॉस, बासवर डेव्हिड वेडेल, ड्रम्सवर रॉनी टॉरन्स. आधी नाव होतं टीव्ही आर्ट, मग काफ्काच्या 'द ट्रायल'मधल्या नायकाचं नाव घेतलं. मे 1977 मध्ये लंडनच्या क्लॅश या पंक बँडचा दौरा एडिनबराच्या प्लेहाउसला आला होता. सोबत बझकॉक्स, स्लिट्स आणि सबवे सेक्ट हे बँड. त्या एका रात्रीतून तिकडच्या कितीतरी बँडना वाट सापडली. गंमत म्हणजे तिकिटं क्लॅशच्या नावावर खपली असतील, पण तिथल्या पुढच्या संगीतात जास्त ऐकू येते ती सबवे सेक्टची खरखरीत, हडकुळी गिटार. जोसेफ केमध्ये तर फारच.

त्या गिटारींबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळा जीव तिथे आहे. दोन्ही गिटारींचा ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला तीक्ष्ण आवाज, चढवलेला. ब्लूजसारखी ताणलेली सुरावट नाही, मिरवणारा सोलो नाही. दोघं भराभर स्ट्रोक मारत सुटतात, एकमेकांना छेदत जातात, आणि त्यातून घासल्यासारखी एक विलक्षण लय तयार होते. तिच्यात टेलिव्हिजन बँड आहे तसाच शिक (Chic) या बँडचा डिस्कोही आहे. धून सांभाळायचं काम बहुतेक वेळा वेडेलच्या बासकडे. वर हेगचा खोल, अलिप्त आवाज. कपडे काळे, सूट घातलेले, केस आखूड. कार्यक्रम संपला की संपला, लोक कितीही ओरडले तरी पुन्हा स्टेजवर यायचं नाही.

पहिली सिंगल 'चान्स मीटिंग' 1979 ची. ती ऑरेंज ज्यूसच्या ड्रमर स्टीव्हन डेलीने स्वतःच्या छोट्या लेबलवर काढली. त्यानंतर ते पोस्टकार्ड रेकॉर्ड्स या लेबलवर आले. पोस्टकार्ड म्हणजे ग्लासगोच्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरचा, ते लेबल चालवणाऱ्या अॅलन हॉर्नचा फ्लॅट! तिथूनच सगळा कारभार चाले. मोटाउन या अमेरिकन लेबलच्या घोषवाक्याची नक्कल करून 'द साउंड ऑफ यंग स्कॉटलंड' असं ब्रीद घेतलं होतं. पैसे वाचवायला जोसेफ केच्या 'रेडिओ ड्रिल टाइम'साठी आणि ऑरेंज ज्यूसच्या 'ब्लू बॉय'साठी एकच कव्हर छापलं, घडी उलटी घातली की दुसऱ्या बँडचं कव्हर तयार, आणि रंग हातानं भरलेले. 1980 सालची ही धडपड मला त्या काळातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या थाटापेक्षा प्रिय आहे.

आता मूळ मुद्दा. 1980 च्या शेवटी त्यांनी पेनकेटलंडच्या कासल साउंड स्टुडिओत पूर्ण अल्बम रेकॉर्ड केला, 'सॉरी फॉर लाफिंग' नावाचा. बारा गाणी तयार होती. ऐकल्यावर तो फार गुळगुळीत वाटला आणि सरळ बाजूला ठेवला. 31 डिसेंबरला ब्रसेल्समधल्या एका जुन्या साखर कारखान्यात, प्लान के नावाच्या जागी, ऑरेंज ज्यूससोबत त्यांचा कार्यक्रम झाला. पुढे 1981 मध्ये ब्रसेल्सलाच जाऊन त्यांनी झटपट नवा अल्बम केला, 'द ओन्ली फन इन टाउन'. दहा गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. त्या पहिल्या काळात पोस्टकार्डने काढलेला हा एकमेव अल्बम.

आणि त्यावर टीका झाली. गिटारी कर्कश आहेत, हेगचा आवाज मागे बुडालाय. जाणकार मंडळी आजही सांगतात की टाकून दिलेला अल्बमच खरा चांगला, यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मला हे अजिबात पटत नाही. टाकून दिलेला अल्बम सुंदर आहे, त्यातलं 'एंडलेस सोल' मी कुणालाही ऐकवीन. पण तो नीटनेटका आहे, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसलंय. ब्रसेल्सच्या अल्बममध्ये कुणीच बसलेलं नाही. 'फन अँड फ्रेन्झी' सुरू होतं तेव्हा गिटारी अंगावर येतात आणि आवाज त्यांच्यातून वाट काढत राहतो. हेगला आवाज मुद्दामच खाली हवा होता, स्टेजवर यावा तसा. एका गायकानं स्वतःलाच गर्दीत उभं करणं ही साधी गोष्ट नाही. शब्द सगळे कळत नाहीत, म्हणून कान पुढे करावा लागतो, आणि त्यातूनच गाण्यातली अस्वस्थता आपल्यापर्यंत पोचते. 'इट्स काइंडा फनी' जॉय डिव्हिजन बँडचा गायक इयन कर्टिस याच्या मृत्यूनंतरचं गाणं आहे. आता ते त्या गोंगाटाच्या मधोमध ऐकून बघा, किती हळवं वाटतं.

अल्बम आला आणि ऑगस्ट 1981 मध्ये, ग्लासगोतल्या एका कार्यक्रमानंतर, बँड संपला. रॉस ऑरेंज ज्यूसमध्ये गेला, पुढे अॅझटेक कॅमेरा या बँडमध्ये. 1983 मध्ये ऑरेंज ज्यूसचं 'रिप इट अप' ब्रिटनच्या चार्टवर आठव्या क्रमांकापर्यंत पोचलं. हेगने एकट्यानं संगीत चालू ठेवलं. 1985 मध्ये जर्मनीच्या प्रोपगंडा बँडने 'सॉरी फॉर लाफिंग' हे त्यांचं गाणं नव्या साजात आणलं आणि ते गाणं अशा असंख्य लोकांनी ऐकलं ज्यांना मूळ बँडचा पत्ताही नव्हता. टाकून दिलेला अल्बम 1990 मध्ये सीडीवर आला, 2006 मध्ये डॉमिनो या लेबलने 'एंटोमॉलॉजी' हा संग्रह काढला. तोवर फ्रान्झ फर्डिनांड गाजले होते, त्यामुळे प्रत्येक परीक्षणात जोसेफ के त्यांचे पूर्वज म्हणूनच आले.

तसे ते आहेतही. पण त्या नात्यानं ऐकायला गेलात तर नाचायला लावणारी गिटार तेवढी सापडेल आणि भीती निसटून जाईल. या गाण्यांत विशीतल्या पोरांची खरीखुरी भीती आहे, ती नंतरच्या कुठल्याच बँडला उचलता आली नाही.

संग्रहापासून सुरुवात करू नका. 'द ओन्ली फन इन टाउन' लावा, आवाज वाढवा, हेडफोन असतील तर उत्तम. पहिल्यांदा डोकं उठेल. सलग तीनदा ऐका. मग 'एंडलेस सोल' ऐका आणि कुठला अल्बम बरोबर ते मला खाली लिहून सांगा, मी वाद घालायला तयार आहे.