पिवळं कार्ड बरोबरच आहे: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की आमच्या उपाहारगृहाच्या दारावर पालिकेच्या तपासणीचं 'सुधारणा आवश्यक' असं पिवळं कार्ड आणि आत फरशी चकचकीत. म्हणजे एक तर आमची स्वच्छता दिखाऊ, नाही तर पालिकेची तपासणी. शिवाय दोन दिवस भाताचे सगळे पदार्थ बंद होते आणि काउंटरवर कोणी धड कारण सांगितलं नाही.

कारण न सांगणं ही आमची सरळ चूक. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तपासणी अहवालाची पूर्ण प्रत आता काउंटरवर ठेवली आहे, मागून वाचू शकता. पण तपासणी दिखाऊ नव्हती. अधिकाऱ्यांनी काढलेल्या तिन्ही त्रुटी खऱ्या होत्या आणि त्यातली एकही फरशी बघून कळणारी नव्हती.

सगळ्यात गंभीर भाताची. शिजवलेला भात खोल पातेल्यात भरून तसाच फ्रीजमध्ये ठेवला होता. फ्रीजवरचा आकडा ४ अंश. थर्मामीटरची सळई पातेल्याच्या मध्यभागी खुपसली तर १९. बाहेरून हात लावला की पातेलं गार लागतं, म्हणून फसगत होते. भात शिजताना बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपं) मरत नाहीत. ५ ते ६० अंशांच्या मध्ये भात रेंगाळला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. त्यामुळे 'चांगला वाफवून वाढा' हा स्वयंपाकघरात कायम ऐकू येणारा सल्ला इथे कुचकामी आहे. असा भात टाकूनच द्यावा लागतो, आणि गार करायची पद्धत नीट बसेपर्यंत आदल्या वेळचा भात लागणारे पदार्थ बंद ठेवावे लागतात. ते दोन दिवस याच कामात गेले.

आता मोजमाप असं आहे: ६० वरून २१ अंशांपर्यंत २ तासांत, तिथून ५ पर्यंत पुढच्या ४ तासांत. पहिले दोन तास कळीचे, कारण याच पट्ट्यात जिवाणू सर्वांत झपाट्यानं वाढतात. थराची जाडी दुप्पट झाली की मध्यभाग गार व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून भात उथळ ट्रेमध्ये, थर ५ सेंटिमीटरच्या आत. ट्रे एकावर एक रचायचे नाहीत, मध्ये हवा खेळली पाहिजे. गार होईपर्यंत झाकण घट्ट लावायचं नाही, वाफ कोंडते. दोन तासांनी मध्यभागी २१ च्या वर आकडा आला तर तो ट्रे फेकायचा. वाचवायचा प्रयत्नही करायचा नाही. वेळ, आकडा आणि सही वहीत. थर्मामीटर रोज सकाळी ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात तपासला जातो. तिथे शून्य दाखवायला हवं. एक अंशापेक्षा जास्त फरक पडला की तो थर्मामीटर बाद.

दुसरी त्रुटी ओटे पुसायच्या बादलीची. सकाळी ब्लीचचं पाणी बरोबर केलेलं असतं: ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात २ मिलीलिटर, म्हणजे साधारण १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) क्लोरीन. पण तेच फडकं खरकट्यावरून फिरवून पुन्हा पुन्हा बादलीत बुडवलं की क्लोरीन त्या घाणीतच संपतं. दुपारी क्लोरीन मोजायची चाचणीपट्टी बुडवली तर रंग बदललाच नाही. त्यानंतर पुसलेला प्रत्येक ओटा म्हणजे जंतू इथून तिथे नेणं! म्हणून आता आधी साबणपाण्यानं धुणं, मग स्वच्छ पाणी, आणि शेवटी क्लोरीन. पाणी थंडच हवं. ब्लीचमध्ये आम्लाचं क्लीनर चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. पट्टीनं तपासणी दर दोन तासांनी, आणि पाणी गढूळ दिसलं तर लगेच बदल.

तिसरी: हात धुण्याच्या बेसिनमध्ये भांडी होती. बेसिन अडलं की हात धुणं टळतं, एवढं साधं आहे. सॅनिटायझर त्याची जागा घेत नाही. नोरोव्हायरस या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही, तिथे साबण, पाणी आणि चोळणंच लागतं. जुलाब-उलट्या झालेल्या कामगाराला, त्रास थांबल्यावरही ४८ तास अन्नाजवळ येऊ द्यायचं नाही, हाही नियम आहे.

आता कार्डाबद्दल. अशी पद्धत अनेक ठिकाणी चालते. टोरोंटोत २००१ पासून हिरवं, पिवळं, लाल. लॉस एंजेलिस काउंटीत १९९८ पासून अक्षरी श्रेणी. मला ही पद्धत हवीच आहे. आधी न कळवता अचानक येणारा अधिकारी आणि दारावर लागणारा निकाल यांचा धाक नसेल तर पातेल्यात सळई घालायची आठवण फार थोड्यांना राहते. उणीव एकच वाटते. निखळलेली फरशी आणि १९ अंशांचा भात एकाच रंगात मिसळून जातात, म्हणून रंगाखाली दोन ओळीत त्रुटी लिहिली पाहिजे. पालिकेला तसं लेखी कळवलं आहे.

तुम्ही त्या दिवसांत इथे भात खाल्ला असेल आणि १ ते ६ तासांत उलट्या किंवा ६ ते १५ तासांत जुलाब झाले असतील, तर आम्हाला लिहिण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, सोबत आणखी कोणाला झाला का, एवढं सांगा. दोन वेगवेगळ्या घरांतल्या तक्रारी एकाच जेवणाशी जोडल्या जातात त्या तिथेच. फेरतपासणी होईपर्यंत पिवळं कार्ड दारावरच राहील.