पाणी उकळलं, पण पावडरीचं काय?

चुलत बहिणीचं बाळ सव्वा महिन्याचं. दिवस भरायच्या आधीच आलेलं, वजन कमी, म्हणून डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाच्या जोडीला डब्याचं दूध सांगितलं. त्याच आठवड्यात आमच्या सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. म्हणणं असं: डबा सीलबंद, म्हणून पावडर निर्जंतुक. पाणी उकळून पूर्ण गार करून मिसळा, गरम पाण्यानं जीवनसत्त्वं मरतात. एकदा कालवलेलं दूध सहा तास चालतं. आणि जंतू होतात ते फक्त अस्वच्छ बाटलीमुळे. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ग्रुपवर उत्तर दिलं तर नुसते अंगठे आले.

सील म्हणजे बाहेरचं आत जात नाही, एवढंच. आत आधीपासून काय आहे, ते सील सांगत नाही. दूध आटवून गरम हवेत वाळवतात, पण जीवनसत्त्वांसारखे काही घटक बऱ्याचदा त्यानंतर कोरडेच मिसळले जातात आणि पुढे उष्णता मिळत नाही. क्रोनोबॅक्टर साकाझाकी हा जंतू कोरड्या पावडरीत वाढत नाही, पण महिनोन् महिने तग धरतो. 2022 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मिशिगनमधल्या स्टर्जिसच्या अ‍ॅबट कारखान्यातले डबे परत मागवले गेले. कारखान्यात हा जंतू सापडला होता. ते दूध प्यायलेल्या आजारी बाळांपैकी ज्या दोघांचे नमुने तपासता आले, त्यांच्यातला जंतू कारखान्यातल्याशी जुळला नाही, हेही सांगायला हवं. आजार दुर्मिळच. पण दोन महिन्यांच्या आतलं, त्यातही दिवस न भरलेलं बाळ असेल तर तो मेंदूच्या आवरणापर्यंत जातो, आणि तिथून परतणं अवघड.

म्हणून गार पाण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. उकळल्यानं पाण्यातले जंतू मरतात, पावडरीतले नाहीत. जागतिक आरोग्य संघटना 2007 पासून सांगते, पाणी 70 अंशांच्या खाली नको. तेवढ्या उष्णतेत दहा हजारांतला जेमतेम एखादा जंतू उरतो. घरात तापमापक नसतो. एक लिटर पाणी उकळा, झाकून ठेवा, अर्ध्या तासाच्या आत वापरा. मग बाटली गार पाण्यात धरून दूध निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, खरं आहे. काही डब्यांवरही 'कोमट पाणी' छापलेलं असतं, तेव्हा मेसेजवाल्याला एकट्याला दोष देत नाही. पण कोमट म्हणजे 37-40 अंश, या जंतूच्या आवडीचंच तापमान.

सहा तासांचं तर बोलूच नका. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो. कालवलेलं दूध बाहेर दोन तासांच्या वर नको, बाळाच्या तोंडाला लागून उरलेलं लगेच ओता. फ्रीज पाच अंशांखाली असेल तर 24 तास चालेल. मात्र वीज जाते तिथे ताजंच करा.

बाटलीचं म्हणणं अर्धं खरं. बूच, निप्पल, मापाचा चमचा, सगळं उकळा. वाटी-चमचा घासायला सोपा. पूर्वीचं बोंडलंही त्या मानानं बरं होतं.

बहिणीनं आता रात्रीसाठी उकळतं पाणी थर्मासात भरून ठेवलंय. आजीचा आक्षेप एकच: अडीच वाजता बाटली नळाखाली धरायची म्हणता, पण नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांनी. म्हणून उशाशी गार पाण्याचं भगुणं असतं, आणि सकाळी ते झाडांना जातं.