‘स्मारक नाण्यात तोटा होतच नाही’ हे खरं नाही

सोन्याचांदीच्या स्मारक नाण्यांबद्दल एक संदेश सतत फिरत असतो: सरकारी टांकसाळ, मर्यादित संख्या, वर मौल्यवान धातू, म्हणजे भाव चढतच जाणार, तोटा अशक्य. नवे संग्राहक यावर विसंबून बचत घालतात, म्हणून एकेक दावा तपासू.

‘मर्यादित संख्या म्हणजे दुर्मीळ.’ सगळ्यात फसवा दावा हाच. टांकसाळ फक्त कमाल संख्या जाहीर करते; ते नाणं हवं असणारे किती, हे त्यावरून कळत नाही. जुनी नाणी दुर्मीळ झाली ती झिजून, हरवून, वितळवली जाऊन. आजचं प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत घडवलेलं नाणं, पहिल्या दिवसापासून कॅप्सूलमध्ये असतं आणि घेणारा प्रत्येक जण ते जपतो. मग टंचाई येणार कुठून? 1976च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकसाठी कॅनडाने चांदीची 28 प्रकारची नाणी काढली. ती लाखोंनी खपली आणि आजही बहुतेकांना चांदीच्या भावाच्या आसपासच किंमत येते. उलट अमेरिकेचं 1995चं वेस्ट पॉइंट टांकसाळीचं प्रूफ ‘सिल्व्हर ईगल’ हे चांदीचं नाणं खरोखर महाग आहे. ते सोन्याच्या नाण्यांच्या संचासोबतच मिळत होतं, म्हणून 30,125च खपली. आणि दरवर्षीचं ईगल जमवणाऱ्या सगळ्यांनाच ते हवं असतं.

‘सरकारची हमी असते.’ असते, पण दर्शनी किमतीची. एक औंसाच्या, म्हणजे सुमारे 31.1 ग्रॅमच्या चांदीच्या ईगलवर 1 डॉलर लिहिलेला असतो. चांदी पडली तर त्या डॉलरचा काय आधार? खासगी टांकसाळींच्या पदकांना तर तेवढीही हमी नाही. 1980मध्ये चांदी भडकली तेव्हा अशी कितीतरी पदकं भट्टीत गेली.

‘धातू आहे, मग तोटा कसला?’ आपण धातूशिवाय घडणावळ, पेटी, प्रमाणपत्र यांचेही पैसे मोजतो. धातूच्या किमतीपेक्षा 60 टक्के जास्त देऊन घेतलेलं नाणं वजनावर विकायची वेळ आली, तर मुद्दल सुटायलाच धातू 60 टक्के वाढावा लागतो. ‘पांडा’ हे सोन्याचं चिनी नाणं 1982पासून जवळजवळ दरवर्षी नवं चित्र घेऊन येतं. त्या चित्रासाठी जादा पैसे मोजण्यात मला काहीच गैर वाटत नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये.

‘काळं पडलं तर घासून घ्या.’ हे मात्र कधीच करू नका. घासल्याने प्रूफचा आरशासारखा पृष्ठभाग ओरखडतो आणि मग संग्राहक त्याला वजनापलीकडे भाव देत नाहीत. पीव्हीसीच्या पाकिटातही नाणी ठेवू नका, त्यांवर हिरवट चिकट थर चढतो.