बंड्याला वाईला ठेवलं, त्याबद्दल

परदेशी जायचं ठरलं की घरात याद्या सुरू होतात. गाडी कधी विकायची, फ्लॅट भाड्याने द्यायचा की बंद ठेवायचा, फ्रिज-वॉशिंग मशीन कोणाला द्यायचं, पोरांचे शाळेचे दाखले. घरातल्या कुत्र्या-मांजराचं नाव या यादीत फार उशिरा येतं, कारण तो विषय निघाला की कोणीतरी रडतं आणि मग 'बघू पुढचं पुढे' म्हणून सगळे उठून जातात. ओळखीतली काही कुटुंबं सध्या नेमकी याच टप्प्यावर आहेत, म्हणून लिहितेय. व्हिसाचा अर्ज भराल त्याच आठवड्यात त्याचं काय करायचं ते ठरवा. सोबत न्यायचं असेल तरी, आणि कोणाला द्यायचं असेल तरी.

आमचा बंड्या लॅब्रेडॉर. लेक बालवाडीत होती तेव्हा घरी आला, आणि यांची मेलबर्नची नोकरी पक्की झाली तेव्हा नऊ वर्षांचा होता. मागच्या पायांचे सांधे दुखायला लागले होते, जिना चढताना मध्ये थांबायचा. त्याला सोबत न्यायचं हे आम्ही गृहीतच धरलं होतं. मग ऑस्ट्रेलिया सरकारचे नियम वाचायला बसलो.

ऑस्ट्रेलियात रेबीज नाही, आणि तो येऊ नये म्हणून तो देश कोणाचीही गय करत नाही. २०१५ मध्ये जॉनी डेपची दोन छोटी कुत्री परवानगीशिवाय खासगी विमानातून तिथे पोचली, तेव्हा त्यांना देशाबाहेर न्या, नाहीतर मारावी लागतील, असं तिथल्या कृषिमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. तुमची-आमची काय कथा! कुत्री-मांजरं आणण्यासाठी त्यांनी मान्य केलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. म्हणजे पुण्याहून कुत्रा थेट मेलबर्नला नेताच येत नाही. आधी यादीतल्या एखाद्या देशात न्यायचा, तिथे किमान १८० दिवस ठेवायचा, रेबीजची रक्तचाचणी वगैरे सगळे सोपस्कार पुरे करायचे, मग तिथून विमानाच्या मालकक्षातून मेलबर्नला आणायचा आणि मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या सरकारी विलगीकरण केंद्रात किमान १० दिवस ठेवायचा. हे काम करणाऱ्या एका एजन्सीने खर्चाचा आकडा दिला, तो काही लाखांत होता. कर्ज काढून तोही उभा केला असता. पण सहा महिने परक्या देशातल्या बोर्डिंगमध्ये, ओळखीचं एकही माणूस नाही, गुडघ्या-कंबरेला औषध चालू आहे, आणि मग पुन्हा लांबचा विमानप्रवास. आमच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "हे तुम्ही कोणासाठी करताय?"

त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत बोललो आणि बंड्याला इथेच ठेवायचं ठरलं. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि त्यासाठी मी कोणाची माफी मागणार नाही.

कारण माफी मागायला लावणारे पुष्कळ भेटले. "पोटच्या पोराला असं टाकून गेला असता का?" हे मला एका लग्नात, ताट हातात असताना विचारलं गेलं. विचारणाऱ्या बाईंनी बंड्याला एकदाही पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या टोकाची माणसंही तितकीच होती: "अहो कुत्रंच तर आहे, द्या सोडून मुळशीकडे एखाद्या फार्महाऊसवर, मजेत राहील." या दुसऱ्या सल्ल्याचा मला जास्त राग येतो, कारण तो प्रेमळ वाटतो. लॅब्रेडॉर हा माणसांत राहणारा कुत्रा. फार्महाऊसचा मालक शनिवार-रविवारी येणार आणि बाकीचे दिवस कुत्रा राखणीला म्हणून गेटजवळ साखळीला. जन्मभर सोफ्याशेजारी झोपलेल्या जनावराला त्यात कसली मजा?

आणि 'सोडून द्या' म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत, सबळ कारण नसताना प्राण्याला सोडून देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. कित्येक दशकं झाली, आकडा तोच. पन्नास रुपयांत सुटणारा माणूस निर्धास्तपणे कुत्रा सिंहगडाच्या पायथ्याशी उतरवून परत येऊ शकतो, आणि तसे उतरवलेले कुत्रे मी पाहिलेत. गळ्यात पट्टा असतो आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे थोडं अंतर धावतात. हे लिहितानासुद्धा घशाशी येतं.

आम्ही घर शोधायला सुरुवात केली तेव्हा जाहिरात टाकायची नाही हे आधी ठरवलं. 'चांगल्या घरी मोफत देणे आहे' असं लिहिलं की पहिले फोन कोणाचे येतात हे कुत्री सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा. नसबंदी झाली आहे का, कागदपत्रं आहेत का, एवढंच विचारायचं आणि झाली आहे म्हटलं की फोन ठेवायचा. त्यांना पिल्लं काढायला जनावर हवं असतं. मादी असेल तर देण्याआधी नसबंदी कराच, त्यात तडजोड नको.

आमची यादी छोटी होती. बंड्या ज्यांना आधीपासून ओळखतो अशी माणसं. दिवसभर घरात कोणीतरी असणारं घर. जिना नसलेलं. ते घर निघालं वाईला, यांच्या नलूआत्यांचं. मे महिन्यात आम्ही जायचो तेव्हा बंड्या सोबत असायचाच. आत्यांचा मुलगा, संजूभावजी, घराला लागूनच रोपवाटिका चालवतात, त्यामुळे सकाळपासून अंगणात माणसांची ये-जा. आत्यांना मी स्पष्ट म्हटलं, "भिडेखातर हो म्हणू नका, चार दिवस विचार करा." त्या म्हणाल्या, "विचार काय करायचाय? पण घरात नातू रांगतोय, तेवढं सांग मला, हा पोरांना काही करत नाही ना?"

इथे खरं सांगावं लागतं. बंड्या स्वभावाने गरीब आहे, पण सांधे दुखायला लागल्यापासून झोपेत कोणी अंगाला हात लावला तर गुरगुरतो. मी ते सांगितलं. भावजींनी पडवीच्या कोपऱ्यात त्याची जागा आखली आणि बाळ तिथवर जाऊ नये म्हणून लाकडी फळी लावली. कुत्र्याचे दोष लपवून त्याला दिलं की पहिल्या गुरगुरण्यालाच तो दारात बांधला जातो, आणि मग दोष कुत्र्याला.

आता माझा मुख्य मुद्दा. आम्ही बंड्याला निघायच्या आदल्या आठवड्यात दिलं नाही, पुण्यात चांगले काही महिने हातात असताना दिलं. आधी सगळे मिळून राहायला गेलो. मग त्याला दोन रात्री ठेवून आलो, मग आठवडाभर, मग कायमचं. त्याची न धुतलेली चादर, त्याचंच भांडं, त्याचंच खाणं. पहिल्या खेपेला तो जेवला नाही, फाटकाजवळ बसून राहिला. भावजींचा फोन आला की घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात, म्हणून तो आत यायलाच तयार नाही. आम्ही गेलो, फाटकापासून पडवीपर्यंत आणि आत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गोणपाट अंथरले, आणि त्या संध्याकाळी तो आत आला. आम्ही मेलबर्नला असतो तर हे कोणाला कळलं असतं? 'घरात येत नाही, बाहेरच बरा' असं होऊन गेलं असतं. आणि मुळात ते घर त्याला मानवलंच नसतं, तर त्याला परत आणून दुसरं घर शोधायला आमच्याकडे वेळ होता. विमान चार दिवसांवर आलेलं असताना दिलेल्या कुत्र्याला परतीचा रस्ताच नसतो. घाईने दिलेली कुत्री या घरून त्या घरी, तिथून रस्त्यावर जातात ती यामुळेच.

लेकीपासून काही लपवलं नाही. 'बंड्या सुट्टीवर गेलाय' वगैरे गोष्टी मुलांना सांगू नयेत. ती चिडली, माझ्याशी धड बोलेना. मग एका दुपारी वही घेऊन बसली आणि बंड्याची सगळी माहिती तिने लिहून काढली. सकाळी उठल्यावर आधी पाणी, मग बाहेर. गोळी पोळीच्या तुकड्यात घातली तर थुंकतो, दह्यात चालते. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरतो, तेव्हा ओढून काढायचं नाही. द्राक्षं, बेदाणे, कांदा, चॉकलेट अजिबात द्यायचं नाही. आणि खाली मोठ्या अक्षरात: 'प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात!!' आत्यांनी ते पान फाडून देवघराशेजारी चिकटवलंय. अँटीरेबीज आणि नाइन-इन-वन या लशींच्या तारखा, जुन्या गोचीड तापाचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या हे सगळं त्याच वहीत आहे.

पैशांचंही बोलून घ्यावं. दर महिन्याला आम्ही त्याच्या खाण्या-औषधाचे पैसे पाठवतो. आत्या आधी रागावल्या. मी म्हटलं, "आत्या, हे तुम्हाला नाहीत, त्याच्या औषधाला आहेत." नात्यात पैसा नको म्हणून गप्प बसलं की म्हाताऱ्या कुत्र्याच्या एक्स-रेचा खर्च आला की तो पुढे ढकलला जातो.

व्हिडिओ कॉलचा मोह मात्र आवरा. सुरुवातीला आम्ही फोनवरून हाका मारल्या. त्याने फोन हुंगला, फोनच्या मागे जाऊन पाहिलं आणि बराच वेळ फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्या हाका आमच्या समाधानासाठी होत्या. आता भावजी त्याचे व्हिडिओ पाठवतात, आम्ही बघतो, बंड्याला आवाज ऐकवत नाही.

ज्यांना सोबत नेणं शक्य आहे त्यांनी जरूर न्या, सगळेच देश ऑस्ट्रेलियासारखे नाहीत. माझी मैत्रीण तिची कुत्री जर्मनीला घेऊन गेली. युरोपीय संघासाठी भारतातून न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी त्यांच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्ताचा नमुना, त्यात प्रतिपिंडांचं (लशीने रक्तात तयार होणाऱ्या संरक्षणाचं) प्रमाण किमान ०.५ आययू प्रति मिलिलिटर, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. हिशेब करा, चार महिने तर असेच गेले. ब्रिटनलाही थांबणं आलं, शिवाय विमानाने न्यायचं तर फक्त मालवाहतुकीतून, आणि कुत्र्याला पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत जंताचं औषध. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत. कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप बसवलेला हवा, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या त्यांच्या यादीत भारत आहे, म्हणून आपल्याला अटी आणखी जास्त. नाक चपटं असलेल्या पगसारख्या जातींना बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत. तुमच्या देशाचे आजचे नियम सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. यातलं काहीही शेवटच्या महिन्यात जमत नाही, हे मात्र सगळीकडे सारखंच.

आता एक मदत हवी आहे. वाईत बंड्याचं लसीकरण आणि किरकोळ उपचार नीट होतात, पण यंदाच्या थंडीत त्याचे मागचे पाय जास्त आखडलेत असं भावजी सांगतात. साताऱ्यात किंवा वाईच्या जवळपास म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांधेदुखीवर उपचार करणारे, एक्स-रेची सोय असलेले पशुवैद्य कोणाला स्वानुभवाने माहीत असतील तर कृपया कळवा. भावजी गाडीने नेऊ शकतात, तासाभराचा प्रवास त्याला झेपतो.