ब्रोकोलीशिवायही जमतंय की!

घरच्या घरी व्यायाम आणि आहार यांवरचा एक लेख वाचला. त्यातला व्यायामाचा भाग पटला, आहाराचा नाही. आठवड्यात सहा दिवस रोज ४० मिनिटं घरातल्या घरात बर्पी (खाली जाऊन जोर, मग वर उडी), उड्या, प्लँक (कोपरांवर अंग ताठ धरणं), आणि जोडीला ओट्स, ब्रोकोली, व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची पूड)! निपाणी-चिकोडीकडच्या पोरानं ब्रोकोली कुठं शोधायची?

हिशेब साधा आहे. भारतीयांसाठी रोज वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगतात, जोराचा व्यायाम असेल तर १.४ ते २ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला निदान ८४ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम, एका अंड्यात सहा, ग्लासभर दुधात आठ. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दही धरलं की बरंच अंतर कापलं जातं. उरलेल्यासाठी पावडर घ्या, माझी ना नाही. पण पावडरचा डबा परवडत नाही म्हणून व्यायामच सोडणारे इथं कमी नाहीत. (प्रथिनांच्या हिशेबात गोड कुंदा धरू नका, बेळगावकरांनो.)

आणखी एक. लेखात ज्या ताबाता पद्धतीचा दाखला दिलाय, ती १९९६ च्या जपानी अभ्यासातली: २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा, तेही सायकलवर. जेमतेम ४ मिनिटं! तो जोर ४० मिनिटं टिकत नाही, त्यामुळं नाव तेच ठेवून काम वेगळंच होतंय.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर उड्यांऐवजी जोर-बैठका काढा, खालचे काकाही भांडणार नाहीत. गुडघे दुखत असतील त्यांनी तर उड्या टाळाव्याच.