'तारखा मोजणारा कारकून' : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा 'बोहेमियन रॅप्सडी' हा सिनेमा त्याच्या आयुष्यातल्या तारखा बदलतो, म्हणून मला आवडला नाही, असं मी लिहिलं, त्यावर आपण बरंच काही लिहिलंत. मतभेदाचं मला वावडं नाही. पण सुरुवात काय, तर "कधी स्टेजवर पाय न ठेवलेल्या कारकुनाने तारखा मोजत बसावं, भावना हे त्याचं काम नव्हे." सिनेमाबद्दल बोलत होतो ना आपण? मग माझी लायकी काढायची काय गरज होती?

आधी माझी चूक. सिनेमाला पाच ऑस्कर मिळाल्याचं मी लिहिलं होतं, मिळाले चार. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता स्टेज. मी १८ वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला आहे. मॉनिटर (आपलंच वाजवणं ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) बंद पडलेला असताना वाजवला आहे, गायकाने ऐन वेळी पट्टी बदलल्यावर वाजवला आहे, तापात वाजवला आहे. हे मिरवायला सांगत नाही, आपण विचारल्याशिवाय निकाल दिलात म्हणून सांगावं लागतंय.

एकदा आमच्या ड्रमरच्या आईला सकाळी आयसीयूत हलवलं. संध्याकाळी कार्यक्रम होता, रद्द करता येण्यासारखा नव्हता, तो आला. विंगेत आम्ही कोणी त्याच्याशी धड बोलू शकत नव्हतो. पडदा उघडला आणि तो रोज वाजवायचा तसा वाजवून गेला. जास्त नाही, कमी नाही. त्या महिन्यात आमचे लागोपाठ कार्यक्रम झाले होते, हात बसलेला होता, त्या हाताने त्याला निभावून नेलं. दुःखाने ठेका चढत नाही हो. टेम्पोत सामान भरून झाल्यावर तो रडला, तेव्हा मात्र आम्ही सगळेच रडलो.

हे पाहिलेलं असल्यामुळे सिनेमाचा शेवट मला सहन झाला नाही. सिनेमात काय होतं? फ्रेडी एकट्याच्या अल्बमसाठी क्वीन सोडतो, म्युनिकमध्ये वाईट संगतीत वाया जातो, वर्षानुवर्षं बँड एकत्र वाजवत नाही, मग तो परत येऊन माफी मागतो आणि तालमीत सांगतो की मला एड्स आहे. त्यानंतर लाइव्ह एड, ती दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीची प्रचंड मैफल. म्हणजे ते गाणं मरणाने गाऊन घेतलं.

खरं काय आहे? लाइव्ह एड १३ जुलै १९८५ ला झालं. त्याच वर्षी जानेवारीत क्वीन रिओमध्ये वाजवून आले होते, मे महिन्यात जपानमध्ये त्यांचा दौरा चालू होता. त्या दिवशी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये स्टेजवर चढलेला बँड नुकताच दौऱ्यावरून आलेला, हात बसलेला बँड होता. वर खास त्या वीसेक मिनिटांसाठी त्यांनी तालीम केली होती. आणि एकट्याने अल्बम काढणं हा गुन्हा असेल तर बँडचा ड्रमर रॉजर टेलरने १९८१ मध्येच तो केला होता, गिटारिस्ट ब्रायन मेने १९८३ मध्ये. शिक्षा मात्र फ्रेडीलाच.

आजाराचं निदान १९८७ चं, असं त्याच्यासोबत राहणाऱ्या जिम हटनने लिहून ठेवलं आहे. सिनेमाने ते दोन वर्षं मागे ओढलं म्हणून काय बिघडलं, असं आपण विचारता. बिघडलं ते असं की बँड सोडण्याचं पाप, मग आजार, मग क्षमा, अशी ओळ लागते. आजार हा त्याच्या वागण्याचा दंड होऊन बसतो. समलिंगी माणसाबद्दल ही गोष्ट त्या काळात लोक उघड बोलायचे, आणि २०१८ च्या सिनेमाने ती गोड संगीत लावून पुन्हा सांगितली. मी तारखा मोजल्या त्या यासाठी.

शिवाय निदानानंतरचा जो खरा फ्रेडी, तो सिनेमातून गायबच. जगाला कळू न देता तो स्टुडिओत जात राहिला, १९९१ च्या सुरुवातीला अल्बम आला, २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय ४५. एवढं असताना त्याच्या हिमतीची गोष्ट बनावट तारखेवर उभी करावी लागते?

बाकीचं थोडक्यात. फ्रेडी झालेल्या रामी मॅलेकच्या अभिनयावर आपलं मत वेगळं आहे, असू द्या. मे आणि टेलर स्वतः सिनेमाशी जोडलेले होते म्हणून तो खरा, हे मला पटत नाही. ज्याच्यावर दोष ठेवला तो उत्तर द्यायला हयात नव्हता. थिएटरमध्ये लोक रडत होते म्हणता, रडत असतील. पाचगणीचा उल्लेख मी 'मराठी अभिमान मिरवायला' केला, हा आरोप तर खोडसाळ आहे. फ्रेडी आठव्या वर्षी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथेच त्याचा पहिला बँड झाला. संगीतकारावरच्या सिनेमात हे नको तर काय हवं?

आणि 'कारकून'. माझे वडील ३१ वर्षं कारकून होते. माझा पहिला कीबोर्ड त्यांच्या पगारातून आला. मॅलेकच्या खोट्या दातांबद्दलचं माझं वाक्य मी मागे घ्यावं असं तुम्ही म्हणता. घेईन. आधी तुम्ही तुमचं पहिलं वाक्य मागे घ्या.